राग प्रकल्पावर, थकबाकी तुमच्या नावावर

प्रश्न: आमच्या कॉलनीत नळ दिवसाआड येतो, बिल मात्र वाढतंच. अप्पर वर्धा धरणाचं पाणी नांदगावपेठच्या वीज प्रकल्पालाही जातं. त्याचा भार आमच्यावर का? या वादाचा निकाल लागेपर्यंत बिल भरायचं नाही, असं कॉलनीने ठरवलंय. माझं मीटरही बंदच आहे. कायदा आमच्या बाजूने आहे ना?
— एक वाचक, अमरावती

उत्तर: आधी प्रकल्पाचं. 1350 मेगावॅटच्या या प्रकल्पाला 87.6 दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं आणि शेतीचं पाणी पळवल्याची ओरड झाली. ती रास्त होती. पण तो वाटपाचा वाद. धरणातल्या पाण्याचे पैसे उद्योग जलसंपदा विभागाला वेगळे भरतो, घरगुती दरापेक्षा चढ्या दराने. तुमचं बिल महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. सिंभोऱ्याच्या धरणावरून पाणी आणायची वीज, शुद्धीकरण, फुटणारी जलवाहिनी, हे सगळं त्यात येतं. प्रकल्प उद्या बंद पडला तरी बिल उतरणार नाही.

आता तुम्ही जाता जाता लिहिलंत ते: मीटर बंद आहे. विचारायला हवं होतं ते हेच. बंद मीटरवर बिल सरासरीने येतं. ते चुकीचं वाटतं म्हणून माणूस भरत नाही, त्यावर विलंब आकार चढतो, पुढचं बिल त्या बेरजेवर येतं. मोर्चात घोषणा देणारे घरी जाऊन गुपचूप बिल भरतात. अडकतो तो साधा माणूस. आठ-दहा वर्षांनी घर विकायला काढलं, वारसाचं नाव लावायला गेलं, की मुद्दलापेक्षा आकारच मोठा दिसतो. तेव्हा वीज प्रकल्पाचं नाव काढून कोणी एक रुपया सोडत नाही.

म्हणून बिल भराच, सोबत ‘हरकत राखून भरत आहे’ असं लेखी द्या. मीटर बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी, पोच घेऊन. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पावत्या हातात असतील तरच तिथे बोलता येतं.

विलंब आकार माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट पाहणं म्हणजे जुगार. बोअरच्या भरवशावर नळ तोडून घेणार असाल तर मे महिन्यात पुन्हा लिहा.

प्रकल्पाशी भांडायचंच असेल तर मागणी नेमकी करा. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, मग अमरावतीचं नांदगावपेठला का नको? आणि धरणाच्या पाण्याचे दर ठरवताना जलसंपत्ती नियमन प्राधिकरण लोकांच्या हरकती मागवतं. तिथे कॉलनीच्या नावाने लेखी हरकत द्या.

अकोल्याच्या वाचकांनी नोंद घ्यावी: तुमच्याकडे काटेपूर्णा धरणाचं पाणी महापालिकाच पुरवते, तेव्हा मीटरचा अर्ज तिकडेच द्यायचा.