श्रमप्रेमाचे औषध : एका नावाचा अर्थविचार

वस्तूचे नाव वस्तूचे वर्णन करतेच असे नाही. पुष्कळदा ते तिच्याविषयीची समाजाची अपेक्षा सांगते. उत्तेजक द्रव्यांच्या इतिहासातील एका उदाहरणावरून हे आपण समजून घेऊ.

'नशा' म्हटले की आपल्याला गुंगी आठवते. उत्तेजके मात्र झोप आणि भूक दडपतात व थकव्याची जाणीव पुसतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये माहुआंग या औषधी वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथॲम्फेटामिन तयार केले. १९४१ मध्ये हेच द्रव्य जपानी बाजारात 'हिरोपॉन' या नावाने आले. 'श्रमाची आवड असणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घेतले होते. जपानीत 'हिरो' म्हणजे थकवा. त्यामुळे 'थकवा पटकन घालवणारे' अशी लोकव्युत्पत्तीही रूढ झाली. दोन्ही अर्थांनी या द्रव्याला प्रतिष्ठाच दिली.

युद्धकाळात सैनिकांना आणि कारखान्यांतील कामगारांना ते देण्यात आले. १९४५ नंतर उरलेला साठा बाजारात पसरला आणि व्यसन वाढले. थकवा नाहीसा झाला नव्हता, केवळ जाणवत नव्हता. दीर्घ सेवनाने संशय आणि भास यांनी माणसे ग्रासली जात. १९५१ मध्ये नियंत्रणाचा कायदा झाला. तरीही १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. कायद्यातील संज्ञाही लक्षणीय आहे : 'काकुसेइझाइ', म्हणजे जागे करणारे द्रव्य. हानीचा उल्लेख तिच्यातही नाही.

आता मराठीकडे वळू. 'अंमल' हा शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ 'कृती, काम'. मराठीत तो 'सत्ता' आणि 'नशेचा प्रभाव' या दोन्ही अर्थांनी रुजला. 'अंमली पदार्थ' म्हणताना सत्ता कोणाची, हे आपली भाषा सुचवते. 'हिरोपॉन' या नावाने नेमके तेच झाकले होते.

आपल्यापैकी अनेक जण दिवसभराच्या कामानंतर रात्री अभ्यासाला बसतात. जागे राहण्यासाठी कोणी एखादी गोळी पुढे केली, तर तिचे नाव काय सांगते आणि काय लपवते, हा प्रश्न अवश्य विचारावा. थकलेल्या शरीराला झोपच हवी असते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. 'हिरोपॉन' या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगून लोकव्युत्पत्तीची संकल्पना स्पष्ट करा.
२. 'अंमल' या शब्दाचे अर्थपरिवर्तन सोदाहरण लिहा.