पाळीच्या वेदना आणि आहारातील जवस

खुरपणी व कापणी ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हातची होत. महिन्यातील एक-दोन दिवस ओटीपोटातील कळा सोशीत अनेकजणी ती करतात. या दुखण्याविषयी घरात बोलले जात नाही; साहजिकच त्यावर उपायही शोधला जात नाही. म्हणून त्याचे कारण प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्या योगाने गर्भाशय आकुंचन पावते व कळा येतात. ही द्रव्ये मेदाम्लांपासून, म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या घटकांपासून बनतात. ओमेगा-६ गटातील मेदाम्लांपासून तीव्र द्रव्ये बनतात, तर ओमेगा-३ गटापासून त्यामानाने सौम्य. करडईच्या तेलात सामान्यतः पहिल्या गटाचे प्रमाण मोठे असते. दुसरा गट बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत आणि जवसात विपुल आढळतो. अमेरिकेत ४२ किशोरवयीन मुलींवर केलेल्या व १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दोन महिने माशांचे तेल दिले असता वेदना कमी झाल्याचे आढळले.

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ गटाचा असतो. परंतु शरीर त्यातील थोड्याच अंशाचे माशांतील मेदाम्लांत रूपांतर करू शकते. यास्तव जवसापासून माशांइतक्या गुणाची अपेक्षा धरू नये. तथापि जेथे मासे मिळत नाहीत वा खाल्ले जात नाहीत, तेथे जवस हाच सोयीचा मार्ग होय.

पीक निघाल्यावर सर्व जवस बाजारात धाडू नये. दररोज १० ग्रॅम धरल्यास एका स्त्रीला वर्षाला साडेतीन ते चार किलो पुरतात; तेवढे घरी राखावेत. अख्खे दाणे नीट पचत नाहीत. म्हणून ते मंद आचेवर भाजून, लसूण, तिखट व मीठ घालून कुटावेत. कुटलेले जवस लवकर खवट होतात. यासाठी चटणी आठवड्यापुरतीच करावी. केवळ दुखण्याच्या दिवशी खाऊन भागत नाही. निदान दोन-तीन महिने ती रोजच्या भाकरीबरोबर घ्यावी. रंगकामासाठी विकले जाणारे जवसाचे तेल मात्र कदापि खाऊ नये.

रक्तस्राव फार होत असेल, वेदना उत्तरोत्तर वाढत असतील किंवा पाळी नसतानाही पोट दुखत असेल, तर चटणीवर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती स्त्रियांप्रमाणेच घरातील पुरुषांनाही द्यावी. कारण धान्य किती विकावयाचे, हे बहुधा तेच ठरवितात.