हिवाळ्यातील डोंगरवाट : वेळेचा आणि पाण्याचा हिशेब



डोंगरावर जावयाचे ते पावसाळ्यातच, अशी आपल्याकडे समजूत आहे. धबधबे, हिरवळ आणि उतरते ढग ही त्या ऋतूची शोभा खरी; परंतु तेच ढग डोंगराचे अंग झाकून टाकतात. डोंगराची घडण कशी आहे, ओढे कोणीकडे वाहतात, माती कोठे टिकली आणि कोठे वाहून गेली, हे पाहावयाचे असेल तर मार्गशीर्ष-पौषातील निरभ्र दिवसच हवा. अशा दिवशी बेळगावच्या पश्चिमेस, खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या परिसरात सह्याद्रीच्या माथ्यावर चालताना काय पाहावे व कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे करू.

निघण्यापूर्वी

हिवाळ्यात चालण्यास हवा उत्तम असते, पण दिवस लहान असतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास आपल्या भागात सूर्य सात वाजण्यास पाच-सात मिनिटे असताना उगवतो आणि सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास मावळतो. म्हणजे दिवस अवघा ११ तास १० मिनिटांचा. उलट, जूनमधील सर्वांत मोठा दिवस १३ तासांहून थोडा अधिक असतो. शिवाय विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो. त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. दरीत तर सूर्य मावळण्यापूर्वीच सावली येते.

म्हणून वाटेला लागण्याआधी वेळेचा हिशेब कागदावर मांडावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली यासाठी एक सोपा नियम सांगितला. आजच्या मापांत तो असा : दर ५ किलोमीटर चालीस एक तास, आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास. समजा, जाऊन-येऊन वाट १० किलोमीटरांची आहे आणि एकूण चढ ३०० मीटरांचा आहे. चालीचे दोन तास व चढणीचा अर्धा तास मिळून अडीच तास झाले. पण हा हिशेब सराईत, धडधाकट माणसाचा. शाळेच्या मुलामुलींसाठी त्यात निम्मी भर घालावी. म्हणजे पावणेचार तास झाले. जेवण, विश्रांती व निरीक्षण यांस सवा तास धरला की पाच तास होतात. सकाळी नऊला निघालेला वर्ग दोनला परत येईल. साडेअकराला निघालेला वर्ग मात्र साडेचारला येईल, आणि मध्ये कोणाचा पाय मुरगळला तर अंधार गाठेल. वाट तीच, मुले तीच. अंतर पडले ते निघण्याच्या वेळेचे.

सकाळचे धुके

जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड होते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. दर १,००० मीटरांस सरासरी साडेसहा अंश, हे त्याचे प्रमाण. परंतु हिवाळ्याच्या सकाळी या नियमास अपवाद दिसतो. टेकडीवर मोकळे ऊन असते आणि खालचा खोलगट भाग धुक्याने भरलेला व अधिक गारठलेला असतो.

याचे कारण असे : आकाश निरभ्र असले म्हणजे रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. जमिनीला लागलेली हवा थंड होते. थंड हवा जड असल्याने ती पाण्याप्रमाणेच उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. तेथे बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनून धुके होते. ऊन चढले की जमीन तापते आणि नऊ-दहाच्या सुमारास हा पडदा विरतो. म्हणून धुके दाट असेल तर घाई करू नये. वाट स्पष्ट दिसू लागल्यावरच पाऊल उचलावे.

चढणीवर

चढण लागण्यापूर्वीच स्वेटर काढून पिशवीत ठेवावा. घामाने कपडे भिजले म्हणजे माथ्यावर बसताच वाऱ्याने अंगात हुडहुडी भरते. स्वेटर पुन्हा घालावयाचा तो विश्रांतीला बसताना. थंडीत तहान कमी लागते, पण कोरडा वारा अंगातील पाणी शोषून घेतच असतो. प्रत्येकाने दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी आणि गूळ-शेंगदाणे जवळ बाळगावेत. सर्वांत हळू चालणाऱ्यास पुढे ठेवावे, सर्वांच्या मागे शिक्षकाने असावे, आणि प्रत्येक थांब्यावर मुलांची मोजणी करावी. वाट ठाऊक असलेला गावकरी बरोबर असल्यावाचून जाऊ नये. या भागात अभयारण्ये आहेत. गोव्याकडील म्हादईचे १९९९ साली आणि खानापूरकडील भीमगडचे २०११ साली घोषित झाले. तेथे वनखात्याची परवानगी लागते. सकाळ-संध्याकाळ गवे चरावयास बाहेर पडतात. त्यांस पाहून आरडाओरडा न करता दूर उभे राहावे. वाळलेले गवत काडीच्या एका ठिणगीने पेटते, म्हणून विस्तव मुळीच करू नये.

एका माथ्याची दोन पाणी

कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. याच गावी मलप्रभा नदीचा उगम आहे. येथून ती पूर्वेकडे निघते, सौंदत्तीजवळच्या धरणात थांबते, आणि सुमारे ३०० किलोमीटर वाहून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. कृष्णा तिचे पाणी बंगालच्या उपसागरात नेते. याच कणकुंबीच्या परिसरात कळसा नावाचा ओढाही उगम पावतो. तो म्हादईच्या खोऱ्यात उतरतो. म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते.

म्हणजे, एकाच सरीतील दोन थेंब माथ्याच्या दोन बाजूंस पडले, तर एक पश्चिमेच्या समुद्रात आणि दुसरा पूर्वेच्या समुद्रात जाऊन पोहोचेल. अशा माथ्याला जलविभाजक म्हणतात. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी ओढ्याला ‘व्हाळ’ म्हणतात, मराठीत ओहोळ, आणि कन्नडात ‘हळ्ळ’. या माथ्याच्या आसपास तिन्ही शब्द ऐकू येतात.

डिसेंबरातील पाणी कोठले?

पावसाळा संपून दोन-अडीच महिने झालेले असतात, तरीही काही ओहोळ वाहत असतात. हे पाणी कोठून येते? माथ्यावरील सडे जांभ्या दगडाचे आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर पडते. रानातील पालापाचोळा व झाडांची मुळे पाण्याचा वेग मोडून ते जमिनीत मुरवितात. तेव्हा डिसेंबरात आपण ज्या ओहोळातून पाय टाकतो, तेथले पाणी जुलै-ऑगस्टमध्ये पडलेले असते. उतार उघडा पडला तर तेच पाणी पावसाळ्यात माती घेऊन धावत जाईल आणि हिवाळ्यात ओहोळ कोरडा राहील.

या पाण्यावर दोन्हीकडच्या माणसांची भिस्त आहे. पूर्वेकडे शेते व शहरे तहानलेली आहेत. पश्चिमेकडे भरतीचे खारे पाणी मांडवीत कित्येक किलोमीटर आत शिरते. त्यास मागे रेटते ते डोंगरावरून येणारे गोडे पाणी. म्हादईच्या पाण्याबद्दल कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांत वाद झाला. २०१० साली लवाद नेमला गेला. २०१८ साली त्याने कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. त्यानंतरही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. कोणाचा वाटा किती, हे ठरविणे न्यायासनाचे काम आहे. परंतु वाटा कोणासही मिळावयाचा तर आधी डोंगराने पाणी धरून ठेवले पाहिजे, आणि ते काम सडा व रान करीत आहेत. वर्तमानपत्रातील आकडे वाचणाऱ्या प्रत्येक घरातील मुलाने हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, असे आम्हांस वाटते.

परतीची वाट

उतरण सोपी वाटते, पण पाय अधिक वेळा घसरतात ते उतरतानाच. दमलेले गुडघे, वाळलेले गवत आणि जांभ्याची सुटी खडी ही तिन्ही एकत्र येतात. लहान पावले टाकावीत, धावू नये. परत फिरण्याची वेळ निघतानाच ठरवावी आणि ती झाली की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी मागे वळावे. प्रत्येक गटात एक बॅटरी असावीच. मात्र ती अडचणीसाठी आहे, उशीर करण्याच्या सवलतीसाठी नव्हे. जो वर्ग उजेडी घरी पोहोचतो, त्याच्या पालकांना पुढल्या वर्षी संमती मागताना फारसे समजवावे लागत नाही.

स्वाध्याय

१. वाट १५ किलोमीटर व चढ ४५० मीटर असल्यास नेस्मिथच्या नियमाने किती वेळ लागेल? त्यात निम्मी भर घालून उत्तर पुन्हा काढा.

२. आपल्या गावाजवळचा ओढा कोणत्या नदीस आणि शेवटी कोणत्या समुद्रास मिळतो, ते नकाशात शोधा.

३. तोच ओढा ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल या महिन्यांत पाहून पाण्याची खोली वहीत नोंदवा. तो केव्हा आटतो, आणि त्याच्या वरच्या उतारावर रान आहे की उघडी जमीन, हेही लिहा.