आरोग्य-माहिती सल्लागार : कला शाखेच्या विद्यार्थ्यापुढील एक नवी वाट

(एस.वाय.बी.ए.)

कला शाखेच्या विद्यार्थ्याला 'पुढे काय करणार ?' हा प्रश्न घरी, गावात आणि एस.टी.च्या थांब्यावरही विचारला जातो. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला असतो, त्याला तर याचे उत्तर सांगणारेही घरात कोणी नसते. शिक्षक, तलाठी, पोलीस, बँक आणि स्पर्धा परीक्षा एवढीच नावे आपल्या कानांवर पडलेली असतात. आमच्या काशीदला समुद्रकिनाऱ्यामुळे पर्यटन वाढले आणि खानावळी, राहण्याच्या खोल्या, पाण्यावरील खेळ यांतून चार पैसे मिळू लागले. परंतु पावसाळा लागला की किनारा ओस पडतो आणि कामही थांबते. म्हणून बारमाही चालणाऱ्या आणि आपल्या अभ्यासाचा उपयोग होईल अशा एका व्यवसायाची माहिती या लेखात देत आहे. हा व्यवसाय म्हणजे आरोग्य क्षेत्रातील माहिती-तंत्रज्ञान सल्लागाराचा होय.

सल्लागार नेमके काय करतो ?

नाव मोठे असले तरी काम समजण्यास कठीण नाही. सरकारी दवाखान्यात गेल्यावर प्रथम खिडकीवर केसपेपर काढावा लागतो. तो घेऊन आपण डॉक्टरांकडे जातो. ते त्यावर रक्ततपासणी लिहितात. प्रयोगशाळेचा अहवाल त्याला जोडला जातो आणि शेवटी त्याच कागदावर औषधे मिळतात. हा सारा प्रवास कागदाऐवजी संगणकावर व्हावा यासाठी रुग्णालये संगणक-प्रणाली घेतात. प्रणाली तयार करणाऱ्या अभियंत्याला रुग्णालयाची घडी ठाऊक नसते आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरना प्रणालीच्या पोटातले कळत नाही. या दोघांच्या मध्ये उभा राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस म्हणजे सल्लागार.

त्याचे काम साधारणपणे सहा टप्प्यांनी चालते. पहिला टप्पा पाहणीचा. यात केसपेपरच्या मागे मागे फिरून कोण, केव्हा, काय लिहितो ते टिपून घ्यायचे. दुसऱ्यात रुग्णालयाच्या गरजा स्पष्ट शब्दांत लिहून काढायच्या. तिसऱ्यात योग्य प्रणाली निवडण्यास मदत करायची. चौथ्यात जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणायच्या. पाचव्यात कर्मचाऱ्यांना शिकवायचे. सहाव्यात प्रणाली सुरू झाल्यावर येणाऱ्या अडचणी सोडवायच्या. यांपैकी पाहणी, लेखन आणि शिकवणे या तीन टप्प्यांचा भार प्रामुख्याने भाषेवर व माणसांशी बोलण्यावर आहे.

पाहणीचे महत्त्व एका हिशेबाने कळेल. समजा, एका ग्रामीण रुग्णालयात एका डॉक्टरांकडे चार तासांत २०० रुग्ण येतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. नव्या प्रणालीत नोंद करण्यास दर रुग्णामागे केवळ ४० सेकंद जास्त लागले, तरी एकूण ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास वेळ वाढतो. तेवढ्यात शेवटच्या रुग्णाची गावाकडची गाडी निघून गेलेली असते. ज्याने रांगेत उभे राहून पाहिले आहे, त्याच्याच हे आधी लक्षात येईल.

परदेशांतही या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील सीडार्स-सायनाय या नामांकित रुग्णालयाला औषधे लिहिण्याची नवी संगणक-प्रणाली २००३ च्या आरंभी डॉक्टरांच्या विरोधामुळे थांबवावी लागली. तीत वेळ फार जातो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. इंग्लंडने २००२ साली साऱ्या देशासाठी एक प्रचंड योजना हाती घेतली. अब्जावधी पौंड खर्ची पडल्यावर ती मोडीत काढत असल्याचे तेथील सरकारला २०११ साली जाहीर करावे लागले. वरून ठरवून खाली लादलेली व्यवस्था प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या पचनी पडत नाही, हा या दोन्ही प्रसंगांचा धडा होय.

आपल्याकडील स्थिती

हा विषय आपल्या जिल्ह्यापासून दूर नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज हीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. तिच्यात रुग्णाची कागदपत्रे संगणकावरून पाठवून उपचाराची पूर्वमंजुरी घ्यावी लागते आणि त्यासाठी रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. आरोग्यमित्राचे टेबल ही या व्यवसायाची आपल्या ओळखीची पहिली पायरी म्हणता येईल.

त्यानंतरच्या काळात या कामाचा पसारा वाढत गेला. क्षयरोग्यांच्या नोंदीसाठी २०१२ मध्ये 'निक्षय' ही प्रणाली आली. २०२१ च्या जानेवारीत कोविडची लस सुरू झाली, तेव्हा 'कोविन'वर नाव नोंदवण्याचा अनुभव सर्वांनी घेतला. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. त्यात प्रत्येक नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने त्याच्या नोंदी एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात.

असा क्रमांक का हवा, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घरांची कौले-पत्रे उडाले आणि ट्रंकेत जपलेले कागद भिजून गेले. माझ्या आजीची कित्येक वर्षांची औषधाची फाईल त्यात गेली. पुढे तिला अलिबागला नेले, तेव्हा पूर्वी कोणती गोळी चालू होती हे 'पांढरी, लहान' एवढेच सांगता आले आणि तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. काशीदहून मुरूड सुमारे २० आणि अलिबाग सुमारे ३० किलोमीटर आहे. मोठ्या आजाराला मुंबईच गाठावी लागते. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि आधीचा घरीच राहतो. ज्याच्याकडे पैसा कमी, त्यालाच पुन्हा पुन्हा तपासणीचा खर्च पडतो.

कला शाखेचे भांडवल

आता मुख्य प्रश्न असा की, यात अभियंता नसलेल्याने काय करायचे ? मला येथे तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे मुलगी लग्नानंतर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या तिन्ही गोष्टी बदलू शकते. एकच आडनाव इंग्रजीत तीन कार्डांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. शिवाय जुन्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकलेली असते. नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असे संगणक धरून चालला, तर आपल्या गावात दोन माणसांची एक नोंद किंवा एका बाईच्या दोन नोंदी सहज होतील. रक्तगट चुकीच्या माणसाच्या नावावर गेला तर काय अनर्थ होईल, याची कल्पना करावी. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट चटकन समजते.

दुसरी गोष्ट भाषेची. संगणकाला रोग आणि लक्षणे संकेतांकांनी कळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. 'स्नोमेड' नावाच्या दुसऱ्या कोशात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. भारत २०१४ साली त्याचा सभासद झाला आणि आपल्या देशातले त्याचे केंद्र पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आहे. परंतु आमच्याकडची म्हातारी 'दुखते' एवढेच म्हणत नाही. ती कळ येते, ठणकते, चमक भरते, मुंग्या येतात, धाप लागते असे वेगवेगळे सांगते. यांतील प्रत्येक शब्दाचा वैद्यकीय अर्थ निराळा असू शकतो. तो शब्द नोंदीत 'वेदना' म्हणून सपाट झाला, तर डॉक्टरांच्या हाती येणारी खूण हरवते. मराठीच्या आणि बोलीच्या अभ्यासकाला येथे काम आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींतील रोगनामेही जानेवारी २०२४ मध्ये त्या जागतिक वर्गीकरणात जोडली गेली, तेव्हा संस्कृतच्या विद्यार्थ्यानेही निराश होऊ नये.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. शहरात शेजाऱ्याचे नाव शेजाऱ्याला ठाऊक नसते. खेड्यात खिडकीवर बसणारा मुलगा कोणाचा तरी भाचा असतो. एखाद्या मुलीला क्षयरोग झाल्याची बातमी फुटली, तर रोग बरा होतो, पण ठरत आलेले लग्न मोडते. एचआयव्हीबाधितांच्या माहितीच्या गुप्ततेसाठी २०१७ चा कायदा आहे, आणि वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. तथापि कोणती नोंद कोणाला दिसावी हे प्रणालीत ठरवावे लागते आणि ते ठरवताना गावाचा स्वभाव माहीत असणारा माणूस तेथे हवा. संमतीचा मजकूर इंग्रजीत दाखवून अंगठा घेतला, तर ती संमती नावापुरतीच राहते.

तयारी कशी करावी ?

येथे दिवास्वप्न पाहून चालणार नाही. पदवी हातात पडताच कोणी सल्लागार होत नाही. सल्ला विकायचा तर आधी अनुभव कमवावा लागतो. म्हणून वाट टप्प्याटप्प्याने चालावी, असे वाटते.

पदवीच्या काळात संगणकाचा पाया पक्का करावा. एम.एस.-सी.आय.टी.चे प्रमाणपत्र आपल्यापैकी अनेकांकडे असते. तेवढ्यावर न थांबता तक्त्यांवर हिशेब करणे आणि माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची 'एस.क्यू.एल.' ही भाषा शिकावी. ती शिकण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. इंग्रजी वाचन वाढवावे, कारण प्रणालींची सारी माहितीपत्रे त्याच भाषेत असतात. शरीररचना आणि रोगांच्या नावांचे प्राथमिक ज्ञान मिळवावे. सुटीत जवळच्या आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन आशाताई आणि सिस्टर किती नोंदवह्या भरतात ते पाहावे. एकच माहिती वहीत आणि पुन्हा मोबाईलवर लिहिण्यात त्यांचा किती वेळ जातो, हे पाहणे हाच पहिला पाठ आहे.

पदवीनंतर नोंदणी विभाग, वैद्यकीय अभिलेख कक्ष किंवा आरोग्यमित्र अशा लहान कामापासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा कठीण असते आणि खर्चाचाही विचार करावा लागतो, म्हणून शिष्यवृत्तीची चौकशी दुसऱ्या वर्षापासूनच करावी. मुंबई आणि पुण्यात या क्षेत्राचे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. २००५ साली सुरू झालेली सिटियसटेक ही कंपनी तर आरोग्य क्षेत्राचेच काम करते. अमेरिकेने २००९ साली कायदा करून डॉक्टरांना व रुग्णालयांना संगणकीय नोंदींसाठी अनुदान दिले, तेव्हापासून अशा कामाला मोठी मागणी आली.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. प्रणाली विकणाऱ्याकडून दलाली घेऊन तीच प्रणाली रुग्णालयाच्या गळ्यात बांधणारा माणूस सल्लागार नसून अडत्या होय. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात न चालणारी यंत्रणा आली, तर तिचा त्रास आपल्याच माणसांना होतो. वीज गेली, पावसात नेटवर्क तुटले, तर काम कसे चालेल हे आधी विचारण्याचे धैर्य सल्लागारात असले पाहिजे.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांनी दवाखान्याच्या रांगेत आई-वडिलांच्या वतीने बोलण्याचे काम लहानपणापासून केले आहे. डॉक्टर काय म्हणाले ते घरी सोपे करून सांगितले आहे आणि घरच्यांचे दुखणे डॉक्टरांना कळेल अशा शब्दांत मांडले आहे. या व्यवसायात नेमके हेच करायचे असते. त्याला अभ्यासाची आणि प्रामाणिकपणाची जोड दिली, तर आपली पदवी वाया गेली असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येणार नाही. गुरुजनांना एवढीच विनंती आहे की, या विषयावर कॉलेजात एखादे व्याख्यान आणि जवळच्या रुग्णालयाला एक अभ्यासभेट पुढील वर्षी ठेवावी.