अरण्याखालील पाण्याची पातळी

प्रश्नाचे स्वरूप

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला जाते आणि पावसाळा सरता सरता ते पुन्हा वर येते, हे खेड्यातील लहान मूलही जाणते. विहिरीत दिसणारे हे पाणी म्हणजे भोवतालच्या जमिनीत साठलेल्या पाण्याचा उघडा पडलेला पृष्ठभाग होय. पावसाचे मुरलेले पाणी मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून आणि खडकांतील भेगांतून खाली उतरत जाते. ज्या खोलीपासून खाली या सर्व पोकळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या असतात, त्या खोलीस भूजलपातळी असे म्हणतात.

ही पातळी स्थिर नसते. वरून पाणी मुरले की ती चढते. झाडांच्या मुळांनी पाणी शोषले, ते ओढ्यात पाझरून गेले किंवा माणसाने उपसले की ती उतरते. घरखर्चाच्या वहीत जमेतून खर्च वजा जाता शिल्लक उरते; तद्वत् भूजलपातळी ही जमिनीच्या जमाखर्चाची शिल्लक दाखविते.

ज्या जमिनीवरील पाणी वाहत येऊन एका ओढ्यास मिळते, तिला त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. हे क्षेत्र अरण्याने आच्छादलेले असेल तर त्याचा जमाखर्च मांडणे अवघड होते. कारण वृक्ष दोन परस्परविरोधी कामे करीत असतो. त्याच्या तळीचा पालापाचोळा आणि मुळांनी पोकळ केलेली माती यांमुळे पाणी जमिनीत चांगले मुरते. पण तोच वृक्ष मुळांनी पाणी ओढून घेतो व पानांवाटे त्याची वाफ हवेत सोडतो. या क्रियेस बाष्पोत्सर्जन असे नाव आहे. मग अरण्य तोडले असता जमिनीतील पाणी वाढेल की घटेल? आणि वाढलेच, तर ते हितकारक ठरेल काय? नुसत्या तर्काने याचे उत्तर मिळत नाही. पाणी मोजावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे. असे मोजमाप कसे करतात व त्यातून काय निष्पन्न होते, हे आपण पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाच्या आधारे पाहू.

पातळी कशी मोजतात

अरण्यात सहसा विहिरी नसतात. म्हणून यंत्राने जमिनीत एक अरुंद छिद्र पाडून त्यात नळी बसवितात. नळीच्या खालच्या भागास बारीक चिरा ठेवलेल्या असतात व त्यांतून भूजल आत येते. पावसाचे पाणी नळीच्या कडेने थेट खाली उतरू नये, म्हणून नळीभोवतीची वरची पोकळी चिकणमातीने किंवा सिमेंटने घट्ट बंद करतात. अशा नळीस आपण निरीक्षण-कूपनलिका म्हणू. तिच्यातून पाणी उपसावयाचे नसते. केवळ पाहावयाचे असते.

मोजण्याची जुनी रीत अत्यंत साधी आहे. पोलादी फितीच्या खालच्या टोकास खडू फासून ती नळीत सोडतात. समजा, फितीवरील २० मीटरची खूण नळीच्या काठाशी बरोबर धरली आणि फीत वर काढल्यावर तिचा तळचा १.३५ मीटर भाग भिजलेला आढळला. तर पाणी काठापासून २०.०० − १.३५ = १८.६५ मीटर खोल आहे. काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची २४० मीटर असेल, तर भूजलपातळी २४०.०० − १८.६५ = २२१.३५ मीटर होईल. मापन प्रत्येक वेळी काठावरील एकाच कायम खुणेपासून करावे लागते. एरवी निरनिराळ्या महिन्यांच्या नोंदींची तुलना व्यर्थ होय.

पूर्वी पाण्यावरील तरंगता गोळा व फिरते पिंप यांच्या साहाय्याने कागदावर पातळीची रेघ आपोआप उमटविणारी यंत्रे असत. आता पाण्याचा दाब मोजणारे लहान उपकरण नळीत सोडून ठेवतात व ते ठरावीक वेळाने नोंद करीत राहते. तथापि उपकरणाची पडताळणी अधूनमधून फितीनेच करावी लागते.

एकच नळी पुरेशी नसते. पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे सरकते. तेव्हा त्याची दिशा कळण्यासाठी टेकडीच्या माथ्यापासून ओढ्याच्या काठापर्यंत नळ्यांची ओळ असावी लागते. शिवाय पर्जन्यमापक हवा, आणि पाणलोटाच्या मुखाशी खाच असलेला लहान बंधारा हवा. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून ओढ्याचा प्रवाह काढता येतो.

जॅरा वृक्षांचा प्रदेश

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात, पर्थ शहराच्या दक्षिणेस, कॉली नदीचे खोरे आहे. तेथील अरण्यात जॅरा हा निलगिरीच्या कुळातील वृक्ष मुख्यत्वे आढळतो. या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. जॅराची मुळे अतिशय खोल जातात. म्हणून उन्हाळ्यातही त्यास जमिनीतील ओलावा मिळतो. परिणामी पडलेल्या पावसाचा बहुतेक भाग हवेत परत जातो. कमी पावसाच्या पट्ट्यात तर त्याचा दशांशही ओढ्यास मिळत नाही.

या काटकसरीचा एक छुपा परिणाम असतो. समुद्रावरून येणाऱ्या पावसाबरोबर अत्यल्प प्रमाणात मीठ येते. वृक्ष पाणी घेतात, पण मीठ जमिनीतच राहते. पाऊस भरपूर असेल तेथे ते धुऊन जाते. कमी असेल तेथे ते हजारो वर्षे साचत राहते. अशा रीतीने वरून हिरव्यागार दिसणाऱ्या अरण्याखाली, खोल मातीत, हेक्टरी शेकडो टनांपर्यंत मीठ साठून राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मंडेरिंग जलाशयात अधिक पाणी यावे, या हेतूने त्याच्या पाणलोटातील झाडांच्या खोडांभोवतीची साल गोलाकार काढून ती मारण्यात आली. पाणी खारट होऊ लागले, तेव्हा झाडे पुन्हा वाढू द्यावी लागली. वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या रेल्वेच्या तलावांतही असाच अनुभव आला. वुड या रेल्वे अभियंत्याने १९२४ साली एक निबंध प्रसिद्ध करून वृक्षतोड व खारटपणा यांचा कार्यकारणसंबंध मांडला. तथापि शेतीसाठी जंगल साफ करणे पुढेही चालूच राहिले. कॉली नदीवर १९३३ साली पूर्ण झालेल्या वेलिंग्टन धरणाचे पाणी प्रथम गोडे होते. १९७० च्या दशकापर्यंत ते मचूळ होत चालले होते.

पाच पाणलोटांचा प्रयोग

वृक्षतोडीनंतर जमिनीखाली नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी १९७० च्या दशकात कॉली खोऱ्यातील पाच लहान पाणलोट निवडण्यात आले. वाइट्स व सॅमन हे दोन अधिक पावसाच्या पट्ट्यातील. लेमन, अर्नीज व डॉन्स हे तीन कमी पावसाच्या पट्ट्यातील. प्रथम काही वर्षे कोणत्याही पाणलोटास हात न लावता केवळ मोजमापे घेतली. मग १९७६–७७ च्या उन्हाळ्यात वाइट्समधील सर्व अरण्य तोडून तेथे कुरण केले. लेमनमध्ये निम्म्याहून किंचित अधिक आणि डॉन्समध्ये त्याहून कमी भाग तोडला. सॅमन व अर्नीज मात्र जसेच्या तसे राखले.

न तोडलेले पाणलोट कशासाठी, अशी शंका वाचकाच्या मनात येईल. समजा, तोडीनंतर पातळी चढली. ती तोडीमुळे चढली की त्या वर्षांतील पावसामुळे? शेजारच्या, तोच पाऊस झेलणाऱ्या अखंड अरण्याची नोंद हाती असेल तरच हा भेद करता येतो. म्हणून अशा क्षेत्रास तुलनाक्षेत्र म्हणतात.

नोंदींचा अर्थ

वाइट्समध्ये भूजल लवकर चढले व ओढ्याचे पाणी झपाट्याने वाढले. लेमनमधील हकीकत अधिक बोधप्रद आहे. तेथे ओढ्याच्या तळाखाली भूजल सुमारे १५ मीटर खोल होते. तोडीनंतर पहिली काही वर्षे ओढ्याच्या पाण्यात खारटपणाचा विशेष फरक दिसला नाही. वरवर पाहणाऱ्यास वाटले असते की काही अनिष्ट घडलेले नाही. परंतु कूपनलिकांतील पाणी वर्षास मीटर-दीड मीटर या गतीने वर येत होते, आणि वाटेत मातीतील मीठ विरघळवून घेत होते. त्याच काळात अर्नीजच्या अखंड अरण्याखालील पातळी अशी चढली नाही. सुमारे दहा वर्षांनी लेमनमधील भूजल ओढ्याच्या तळाशी पोहोचले, आणि मग ओढ्याचा खारटपणा एकाएकी वाढू लागला.

कारण आणि परिणाम यांच्यामध्ये येथे दहा वर्षांचे अंतर पडले. ओढ्याचे पाणी चाखून निर्णय घेणाऱ्यास दहा वर्षे काहीच कळले नसते. कूपनलिकेत फीत सोडणाऱ्यास मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच भावी संकटाची चाहूल लागली असती. भूजलपातळी मोजण्याचे महत्त्व ते हेच. वेलिंग्टन धरणाच्या पाणलोटात नवी जंगलतोड करण्यावर १९७६ साली कायद्याने नियंत्रण आले, आणि पुढे उजाड केलेल्या जमिनीच्या काही भागांवर पुन्हा वृक्ष लावण्यात आले.

या कथेस दुसरी बाजूही आहे. १९७० च्या दशकापासून त्या नैर्ऋत्य प्रदेशातील पाऊस पूर्वीपेक्षा कमी झाला. त्यामुळे न तोडलेल्या अरण्याखालील पातळी हळूहळू उतरत गेली व काही ठिकाणी भूजल आणि ओढा यांचा संबंध तुटला. पाऊस पडूनही ओढ्यास पूर्वीइतके पाणी येईना. ज्या नोंदवह्या चढती पातळी दाखविण्यासाठी उघडल्या गेल्या, त्यांच्यासारख्याच दीर्घकालीन नोंदींनी ही उतरती पातळीही उघडकीस आणली.

आपणांस बोध

कॉली खोऱ्याचा निष्कर्ष जसाच्या तसा सह्याद्रीस किंवा विंध्य-सातपुड्यास लागू करणे चुकीचे होईल. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस पडतो; तेथे मीठ साचून राहत नाही. खडक निराळा, माती निराळी, वृक्षही निराळे. उतारावरील अरण्य गेल्यास माती वाहून जाऊन पाणी मुरण्याचे थांबेल, हा धोका आपल्याकडे मोठा आहे. म्हणजे उत्तर स्थानपरत्वे बदलते. पण ते शोधण्याची पद्धत तीच राहते. तोडीपूर्वी मोजावे, तुलनाक्षेत्र राखावे, आणि परिणाम दिसेपर्यंत नोंदी खंडित होऊ देऊ नयेत.

भारतात केंद्रीय भूजल मंडळ देशभरच्या निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. विद्यार्थ्यांनाही हे काम लहान प्रमाणावर करता येईल. शाळेजवळील एखादी विहीर निवडावी व तिच्या काठावर रंगाने एक खूण करावी. शिक्षकांच्या देखरेखीखाली, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी, खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. विहिरीस कठडा नसेल तर काठाशी मुळीच जाऊ नये. नोंदवहीत तारीख, खोली आणि महिन्यातील पाऊस असे तीन रकाने असावेत. वर्षअखेरीस त्यांचा आलेख काढला म्हणजे पाऊस पडल्यानंतर किती दिवसांनी पाणी चढते, हे स्पष्ट दिसेल.

एका वर्षाच्या नोंदीवरून फारसे निष्पन्न होणार नाही. पण ती वही पुढील वर्गाच्या हाती द्यावी, आणि त्या वर्गाने ती त्याच्या पुढील वर्गास द्यावी. लेमनची हकीकत कळण्यास दहा वर्षे लागली. ज्या वर्षी मोजले नाही, त्या वर्षीची पातळी पुढे कोणत्याही उपायाने मोजता येत नाही.