शिंक आली, उचकी लागली



मंगरूळपीरच्या एका शाळेत आठवीत शिकणारा एक मुलगा आपल्या दादींना घेऊन दवाखान्यात गेला. दादींना मराठी थोडेफार समजते, पण बोलताना त्या अडखळतात. म्हणून सांगण्याचे काम नातवाकडे आले. डॉक्टरांनी विचारले, "काय होतंय आजींना?" मुलगा म्हणाला, "दादी जेवत नाहीत. दादी झोपत नाहीत. दादी चालत नाहीत."

डॉक्टर दादींकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाले, "आजी, असा हट्ट करू नका. थोडं जेवलं पाहिजे, थोडं फिरलं पाहिजे." दादींचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर त्या नातवाला एवढेच म्हणाल्या, "बेटा, मैंने जिद कब की?"

आता सांगा, मुलाचे काय चुकले? त्याच्या तिन्ही वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नाही. पण दादींनी घरी सांगितले होते, "मुझसे चला नहीं जाता." मुलाने सांगितले, "दादी चालत नाहीत." दादींना जे होत होते, ते दादी करीत आहेत असा अर्थ झाला. दुखणे सांगायला गेलेल्या मुलाने नकळत तक्रार सांगितली. करणे आणि होणे यांतला हा फरक आज आपण समजून घेऊ.

१. करणे आणि होणे

चालणे, लिहिणे, खेळणे ही कामे आपण ठरवून करतो. पण नाकात धूळ गेली की शिंक येते. ती आपण ठरवीत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात अशा क्रियेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. थंडीत अंग कापते, उन्हात घाम येतो, तेही आपल्याला विचारून होत नाही.

मराठी भाषा हा फरक वाक्यातच दाखवते. जे आपण करतो तेथे 'मी' येतो: मी पुस्तक वाचतो. जे आपल्याला होते तेथे बहुधा 'मला' येते: मला शिंक आली. येथे कर्ता मी नाही, शिंक आहे. उर्दूतही आपण 'मुझे छींक आई' म्हणतो. म्हणजे ही रचना तुम्हाला नवी नाही. आपल्या बाजारात कोणी 'मेरे को छींक आई' म्हणतो, तर शेजारचा वऱ्हाडी माणूस 'मले शिंक आली' म्हणतो. बोलण्यात 'मले' गोड वाटते. लिहिताना मात्र 'मला' लिहा.

२. कोणत्या शब्दाला कोणते क्रियापद?

येणे : शिंक येते, जांभई येते, ढेकर येतो, घाम येतो, चक्कर येते, हसू येते, रडू येते, अंगावर शहारा येतो.

लागणे : उचकी लागते, ठसका लागतो, धाप लागते, डुलकी लागते, भूक लागते, तहान लागते.

भरणे : हुडहुडी भरते, कापरे भरते.

सुटणे, फुटणे : घाम सुटतो, कंप सुटतो, दरदरून घाम फुटतो.

शिंक येते आणि जाते. उचकी मात्र लागते, म्हणजे एकदा सुरू झाली की काही वेळ चालू राहते. छातीच्या खाली श्वासपटल नावाचा स्नायू असतो. तो अचानक आखडला की उचकी येते, आणि असे पुन्हा पुन्हा होऊ लागले की उचकी लागली असे म्हणतात. अमेरिकेतील चार्ल्स ऑस्बॉर्न यांना १९२२ साली लागलेली उचकी १९९० साली थांबली. ६८ वर्षे! आपली उचकी पाणी पिऊन थांबते, हे नशीबच म्हणायचे.

'झोप' या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. 'मला झोप येते' म्हणजे डोळे जड झाले आहेत. 'मला झोप लागली' म्हणजे डोळा लागला. रमजानमध्ये सहरीला उठलेला विद्यार्थी दुपारी वर्गात पेंगला, तर त्याने 'मी झोपलो' असे सांगू नये. 'मी झोपलो' म्हणजे ठरवून आडवा झालो असे वाटू शकते. 'सर, मला डुलकी लागली' असे म्हटले की खरे तेच सांगितले जाते.

शब्द वेगळे असले तरी माणसे सारखीच असतात. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढली, असे मराठी घरातही म्हणतात आणि आपल्या घरातही. बोलता बोलता शिंक आली तर कित्येक मराठी घरांत 'सत्य आहे' म्हणतात. आपल्याकडे शिंकणारा 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो आणि ऐकणारा 'यरहमुकल्लाह' म्हणून दुआ देतो.

३. लिंग सांभाळा

उर्दूतील शब्दाचे लिंग मराठीत बदलू शकते. येथे आपल्या विद्यार्थ्यांच्या सर्वांत जास्त चुका होतात.

खांसी आई (स्त्रीलिंग) : खोकला आला (पुल्लिंग)
डकार आई (स्त्रीलिंग) : ढेकर आला (पुल्लिंग)
चक्कर आया (पुल्लिंग) : चक्कर आली (स्त्रीलिंग)
हंसी आई (स्त्रीलिंग) : हसू आले (नपुंसकलिंग)

उर्दूत नपुंसकलिंग नाही. म्हणून हसू, रडू, कापरे हे शब्द 'आले', 'भरले' या क्रियापदांसह पाठ करा.

४. तो शिंकला

'शिंकणे', 'खोकणे', 'थुंकणे' अशी क्रियापदेही मराठीत आहेत. उर्दूत आपण 'उसने छींका', 'उसने खांसा', 'उसने थूका' म्हणतो. त्यामुळे काही विद्यार्थी 'त्याने शिंकले', 'त्याने थुंकले' असे लिहितात. मराठीत ही क्रियापदे अकर्मक आहेत. अकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला येथे 'ने' लागत नाही. तो शिंकला, ती खोकली, तो थुंकला असे लिहा. मुलगा म्हणेल 'मी शिंकलो', मुलगी म्हणेल 'मी शिंकले'. 'मला शिंक आली' हे वाक्य मात्र दोघांचेही एकच.

५. कर्ता कोठे गेला?

'मला मळमळते.' या वाक्यात कर्ता शोधा. सापडणार नाही. उर्दूत 'मेरा जी मितलाता है' म्हणताना 'जी' हा कर्ता असतो. मराठीत मळमळण्याचा भावच कर्ता मानतात, म्हणून अशा क्रियापदाला भावकर्तृक क्रियापद म्हणतात.

दुसरा प्रकार याहून महत्त्वाचा. 'दादी चालत नाहीत' आणि 'दादींना चालवत नाही' ही वाक्ये जवळजवळ सारखी दिसतात. पहिल्यात चालण्याची इच्छा नाही असाही अर्थ निघतो. दुसऱ्यात इच्छा आहे, पण शक्ती नाही. 'चालवत नाही' म्हणजेच 'चला नहीं जाता'. याला शक्य क्रियापद म्हणतात. अशीच वाक्ये पाहा: मला बोलवत नाही, त्याला उठवत नाही, तिला जिना चढवत नाही.

आठ दिवसांनी तो मुलगा दादींना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेला. या वेळी तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दादींना जेवण जात नाही. रात्री झोप लागत नाही. चार पावलेही चालवत नाही, लगेच धाप लागते आणि घाम सुटतो." डॉक्टरांनी लिहिणे थांबवले आणि विचारले, "धाप कधीपासून लागते?" मग त्यांनी दादींची छाती नीट तपासली. दादींना सगळे शब्द कळले नाहीत, पण या वेळी त्यांचा चेहरा उतरला नाही.

मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांचे दुखणे उद्या तुम्हालाच मराठीत सांगावे लागेल. त्यांनी काय केले आणि त्यांना काय झाले, हे वेगळे करून सांगा.

शब्दार्थ

अडखळणे : अटक अटक कर बोलना
हट्ट : जिद
धाप लागणे : सांस फूलना
हुडहुडी : सर्दी की कपकपी
शहारा : झुरझुरी
पेंगणे : ऊंघना

स्वाध्याय

१. योग्य क्रियापद लिहा: (अ) पाणी पिताना त्याला ठसका ____. (आ) विनोद ऐकून आम्हाला हसू ____. (इ) उन्हात उभे राहून तिला चक्कर ____.

२. चूक दुरुस्त करा: (अ) सलमाने जोरात शिंकले. (आ) मला खूप खोकला आली.

३. अर्थातील फरक सांगा: 'आजोबा उठत नाहीत' आणि 'आजोबांना उठवत नाही'.

४. घरातील एखाद्या आजारी माणसाला काय होते ते विचारा आणि डॉक्टरांना सांगावे तसे पाच वाक्यांत मराठीत लिहा.