शिफारसपत्रातली विशेषणं

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. परदेशी निघालेल्या एका विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात 'सिम्पल', 'इनोसंट' आणि 'स्टबर्न' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : 'स्टबर्न' आधी काढा. तुम्हाला मुलाची चिकाटी सांगायची आहे ना? मग 'पर्सिस्टंट' किंवा 'डिटरमिन्ड' लिहा; 'स्टबर्न' म्हटलं की हेकेखोरपणा डोकावतो. इंग्रजीत गुण तोच, पण शब्द बदलला की कौतुकाची शिवी होते. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८मध्ये बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' कार्यक्रमात यावरच कोटी केली होती : माणूस स्वतःला 'फर्म' म्हणवतो, समोरच्याला 'ऑब्स्टिनेट', आणि जो तिथे नाही तो थेट 'पिगहेडेड'! काटकसरीचंही तेच, 'थ्रिफ्टी' ही शाबासकी, 'स्टिंजी' हा टोमणा.

'सिम्पल' तर फारच फसवा. आपला साधासरळ मुलगा तिकडच्या वाचणाऱ्याला बुद्धीने बेताचा वाटेल. त्याऐवजी 'मॉडेस्ट' किंवा 'अनअझ्युमिंग' बरं. 'इनोसंट' वाचून एखादा विचारेल, आरोप काय होता? सच्चेपणासाठी 'सिन्सिअर' आहेच.

विशेषणं दोनच ठेवा, पण प्रत्येकाला वर्गातला एखादा खरा प्रसंग जोडा.